टॉवेलचं पाणी वेगळं काढा

एप्रिल २०२५मध्ये मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा आमच्या लाँड्रीत मळक्या चादरींचा ढीग छताला टेकायचाच काय तो बाकी होता. भूजलाच्या परवानग्यांवरून वाद पेटला होता. शेवटी महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा लागू केला आणि चार-पाच दिवसांत प्रकरण मिटलं. पण त्या चार-पाच दिवसांत तीन हॉटेलांचे फोन घेऊन घेऊन माझा घसा बसला.

मी साकीनाक्याच्या एका लाँड्रीत युटिलिटी बघते. म्हणजे बॉयलर, कॉम्प्रेसर, पाणी आणि कोणी पुढे होऊन घेत नाही ती सगळी कामं. आमच्याकडे दिवसाला सहा टन कपडा येतो: चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, टेबलक्लॉथ. किलोमागे पंधरा लिटर धरलं तर नव्वद हजार लिटर पाणी. त्यातलं पंचवीस हजार नळाचं, बाकी टँकरचं. आणि दोन्ही पाण्यांत जमीन-अस्मानाचा फरक. तलावांतून येणारं नळाचं पाणी मऊ, त्यात साबणाचा फेस लगेच होतो. टँकरचं विहिरीचं पाणी जड. त्यात साबण जास्त लागतो, बॉयलरला क्षार धरतात आणि ते टाळायला वॉटर सॉफ्टनरमध्ये मिठाची पोती रिकामी करावी लागतात. थोडक्यात, आम्ही आधी टँकरचे पैसे मोजायचो, मग त्या पाण्याचे चोचले पुरवायला परत पैसे मोजायचो आणि वापरून झालं की सगळं गटारात सोडून द्यायचो.

ईटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचा संच, होता. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात अट असते म्हणून होता, असंच म्हणावं लागेल. संप मिटल्यावर मी शेठना म्हटलं, हेच पाणी परत वापरू. ते म्हणाले, "गटाराचं पाणी हॉटेलच्या चादरीला लावणार तू?"

माझं लहानपण चेंबूरचं. तिथल्या आरसीएफच्या खत कारखान्यात महापालिकेचं मैलापाणी घेऊन, आधी जिवाणूंकडून आणि मग आरओतून साफ करून, प्रक्रियेला वापरतात. दिवसाला सव्वादोन कोटी लिटरच्या वर घेतात, दीडेक कोटी लिटर वापरण्याजोगं निघतं आणि हे पंचवीसेक वर्षं चालू आहे. नागपूरजवळ कोराडीच्या वीजकेंद्रालाही शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणीच जातं. २०१६च्या वीजदर धोरणात तर मैलापाणी प्रकल्पापासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना असं पाणी वापरायला सांगितलंय. मी शेठना म्हटलं, त्यांच्याकडे अख्ख्या शहराची घाण येते, आपल्याकडे येऊन येऊन काय येणार, साबण आणि मळ. या वाक्याचा मला पुढे सहा महिने पश्चात्ताप झाला.

जागेपासून मारामारी. औद्योगिक वसाहतीतला गाळा तो किती! दोन टेम्पो उभे राहायचे त्या जागेवर एरेशनची, म्हणजे पाण्यात हवा फुंकायची, नवी टाकी आली आणि टेम्पोवाले माझ्याशी बोलेनासे झाले. जुना ईटीपी काढून टाका असं ठेकेदार म्हणत होता. तोडायचा खर्च नको म्हणून आम्ही तो तसाच ठेवला. हे पुढे उपयोगी पडलं, पण त्यात माझी काही दूरदृष्टी नव्हती.

पहिलं संकट सुताचं. चादरीचा प्रत्येक धुण्यात थोडा धागा जातो आणि सहा टन कपड्याचा मिळून तो पंपात दोरखंडासारखा वळला जातो. ठेकेदाराच्या जाळीतून तो आरामात निघून जायचा. आमचे ईटीपी ऑपरेटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी जाळीवर मच्छरदाणीचं कापड दुपदरी बांधलं. दर दोन तासांनी ते काढून झटकतात, त्यातून ओल्या मांजरासारखा करडा गोळा पडतो. नवी बारीक चाळणी नंतर आली, पण काकांनी मच्छरदाणी काही सोडली नाही.

मग टाकीत मळ खाणारे जिवाणू वाढवायचे होते. काकांचा शेणावर फार विश्वास. आरेच्या तबेल्यातून त्यांनी तीन ड्रम शेण आणलं, काला करून टाकीत ओतलं, वर गूळ टाकला. आठवडाभर शेजारच्या गाळ्यातून तक्रारी आल्या आणि टाकीत काही जमलं नाही. शेणाचा महिमा ईटीपीच्या धंद्यात जरा जास्तच गातात, असं माझं स्पष्ट मत आहे. शेणातले बरेचसे जीव बिनहवेच्या वातावरणातले असतात, इथे तर आपण रात्रंदिवस हवा फुंकतो. शेवटी एका निवासी संकुलाच्या एसटीपीतून, म्हणजे मैलापाणी साफ करायच्या प्रकल्पातून, टँकरभर जिवाणूंचा जिवंत गाळ आणला, तो मात्र लागला. साबण, स्टार्च, तेल हे जिवाणूंचं खाणं आमच्या पाण्यात भरपूर असतं, पण नत्र आणि स्फुरद कमी पडतात. शंभर भाग खाण्याला पाच नत्र आणि एक स्फुरद, असं प्रमाण धरून आम्ही युरिया आणि डीएपी टाकतो. शेतात घालतात तेच.

गाळाची तब्येत कळायला महागडं यंत्र लागत नाही. एक लिटरचा सिलिंडर टाकीतल्या पाण्याने भरायचा, खिडकीत ठेवायचा आणि अर्धा तास हात लावायचा नाही. आधी सगळं चहासारखं एकजीव दिसतं. पाचेक मिनिटांत कण एकमेकांना धरू लागतात, वर एक नितळ रेघ उमटते आणि ती रेघ सावकाश खाली सरकत जाते. अर्ध्या तासाने गाळ तीनशेच्या खुणेजवळ बसला आणि वरचं पाणी स्वच्छ असलं की दिवस बरा जाणार. सातशेवर लटकला तर समजायचं, आत काहीतरी बिनसलंय.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी काकांचा सकाळी सातला फोन. "मॅडम, बग्ज गेले." बग्ज म्हणजे आमचे जिवाणू. जाऊन बघते तर टाकी राखेच्या रंगाची, वर पांढरा फेस आणि सिलिंडरमध्ये वरपासून खालपर्यंत गढूळ. पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरिन तपासायच्या द्रावणाचे, दोन थेंब टाकले तर पिवळं धमक झालं. क्लोरिन! वॉश फ्लोअरवर चौकशी केली. शनिवारी लग्नाच्या जेवणावळीचे टेबलक्लॉथ आले होते. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे घरी धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. रविवारच्या पाळीतल्या मुलाने ते लाल डाग बघून घाबरून दुप्पट ब्लीच मारलं आणि सगळं पाणी एकदम सोडलं. कपडे पांढरे झाले, आमची टाकी मेली.

मी त्या मुलावर ओरडले आणि नंतर लाज वाटली. ब्लीच पुढे कुठे जातं हे त्याला सांगितलं होतंच कुणी? तो चार वर्षं ज्या नळीत पाणी सोडत होता, ती गटारात जायची. आता त्या नळीच्या टोकाला जिवाणू आहेत आणि त्यांच्या पुढे आरओचे मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारे पडदे, ज्यांना क्लोरिन चालतच नाही, हे फक्त मला आणि काकांना ठाऊक होतं. त्या आठवड्यात वॉश फ्लोअरच्या दोन्ही पाळ्यांना टाकीपाशी नेऊन सिलिंडर दाखवला. आता जादा ब्लीच मारायचं असेल तर आधी काकांना फोन येतो. ते पाणी पहिल्या टाकीत अडवून, त्यातलं क्लोरिन घालवून, मग थोडं थोडं सोडतात.

आरओ ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. इथे ठेकेदाराशी हिशेबावरून वाजलं. शंभर लिटर आत गेले तर पंचाहत्तर चांगले काढून देतो, ही त्याची बढाई. आमच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ८०० मिलिग्रॅम. पंचाहत्तर काढले तर ते सगळे क्षार उरलेल्या पंचविसात गोळा होणार, म्हणजे ३२००. आमच्या संमतीपत्रातली मर्यादा २१००. साठ काढले तर २००० येतात, जेमतेम बसतं. उरलेलं पाणी आटवून मीठच काढायचं तर वाफेची यंत्रं लागतात आणि त्यांचा खर्च आमच्यासारख्यांनी स्वप्नातही धरू नये. म्हणून साठ. संमतीपत्रात बदल, मीटर, नोंदवह्या हे सोपस्कार झाले. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त अर्ज वेळेत करा.

दहा दिवसांत आरओचं पाणी निम्म्यावर आलं. ठेकेदाराच्या माणसाने आम्लाने धुतलं, क्षार असतील म्हणून. मग अल्कलीने, जिवाणूंचा थर असेल म्हणून. ढिम्म. चार दिवस आम्ही रीडिंग घेत बसलो. पाचव्या दिवशी वॉश फ्लोअरच्या ताई चहा घेऊन आल्या. त्या टॉवेलची मशीन सांभाळतात. म्हणाल्या, "मॅडम, ते कंडिशनरचं पाणी पण इकडेच येतं ना? कंडिशनर टॉवेलला चिकटून बसतं म्हणून तर टॉवेल मऊ लागतो. मग तुमच्या त्या जाळीला नाही का चिकटणार?"

मी केमिकलचं पत्रक काढलं. धन भाराचं रसायन. मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावर ऋण भार. एकदा बसलं की धुऊन निघणं कठीण. शिकलेले तिघेजण चार दिवस मीठ आणि शेवाळ शोधत होतो आणि उत्तर टॉवेलच्या घडीत होतं.

टॉवेलची दोन मशीन आहेत. त्यांची नळी तोडून त्या जुन्या, न तोडलेल्या ईटीपीला जोडली. ते पाणी साफ होऊन गटारात जातं, आरओकडे फिरकत नाही. नवे मेम्ब्रेन घ्यावे लागले. जुने दोन माझ्या केबिनच्या कोपऱ्यात उभे आहेत, बघितले की अजून पोटात गोळा येतो.

आता रोज चाळीसेक हजार लिटर परत मिळतं. सहा-सात टँकर लागायचे, तिथे दोन-तीन पुरतात. आरओचं पाणी टँकरच्या पाण्यापेक्षा कितीतरी मऊ, त्यामुळे साबण कमी लागतो, मिठाची पोती कमी लागतात आणि बॉयलरचं ब्लोडाउन, म्हणजे क्षार साठलेलं पाणी काढून टाकणं, तेही कमी झालं. हा फायदा मी शेठना दिलेल्या कागदात धरलाच नव्हता.

हॉटेलांना आम्ही सगळं सांगून टाकलं. एका हॉटेलच्या हाउसकीपिंगवाल्या साहेबांनी तेव्हा नाक मुरडलं होतं, दोन महिने प्रत्येक चादर उजेडात धरून बघायचे. आता त्यांच्या वरिष्ठांना पर्यावरणाच्या अहवालात घालायला आकडे हवेत. दर महिन्याला मेल येतो: टॉवेल धुण्यात किती लिटर पाण्याचा पुनर्वापर झाला ते कळवा. टॉवेलच का, तर खोलीत टॉवेल परत वापरा अशी पाटी लावलेली असते, तिच्याशी जुळतं म्हणून. मी दर महिन्याला चादरींचा आकडा पाठवते आणि खाली लिहिते, टॉवेलचा शून्य.