तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रँट होल्टच का?

आवडता फुटबॉलर कोण असं कुणी विचारलं की विचारणाऱ्याच्या डोक्यात दोन नावं आधीच तयार असतात, त्यातलं आपण कुठलं घेतो एवढंच त्याला बघायचं असतं. मी ग्रँट होल्ट म्हणतो. मग कोण हा, असं होतं, मग मोबाईल निघतो, फोटो सापडतो, आणि मग हमखास येणारा प्रश्न, हा फुटबॉलर आहे? कारण फोटोत इंग्लंडमधल्या नॉर्विच सिटी क्लबच्या पिवळ्या जर्सीत एक दणकट, अंगाने भरलेला, गल्लीतल्या कुठल्याही दादासारखा माणूस उभा असतो. दरवेळी दोन वाक्यांत गुंडाळतो आणि विषय बदलतो, पण आता इतक्या जणांनी विचारलंत की एकदा नीट लिहूनच टाकतो.

होल्ट 1981 चा, कार्लाइलचा, म्हणजे इंग्लंडचं पार वरचं टोक, त्याच्या पुढे स्कॉटलंडच. वर्किंग्टन, मग हॅलिफॅक्स टाऊन, तिथे चौथ्या डिव्हिजनमध्ये थोडंफार खेळायला मिळालं आणि मग क्लबने सोडून दिलं. इथे इंग्लंडचा कारभार थोडा सांगावा लागेल. वरच्या चार डिव्हिजनमध्ये मिळून 92 क्लब, प्रीमियर लीगमध्ये 20 आणि खालच्या तिन्हींत 24-24, दर सीझनला तळाचे क्लब एक डिव्हिजन खाली जातात आणि खालून वरचे काही क्लब वर येतात, आणि त्याच्याही खाली नॉन लीगचा मोठा पसारा, जिथे बरेचसे खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी ट्रेनिंगला जातात. दरवर्षी पोरं या 92 मधून खाली गळत राहतात, आणि खाली गेलेला परत वर येतोच असं काही नाही. होल्ट नुसता खाली नाही गेला, बाहेरच गेला. ऑस्ट्रेलियात पर्थजवळचा सोरेंटो क्लब, मग सिंगापूरच्या लीगमध्ये सेंगकांग मरीन. विशीतला कार्लाइलचा पोरगा सिंगापूरच्या उकाड्यात घाम गाळतोय, हे मला अजून डोळ्यासमोर आणता येत नाही. तिथून परत येऊन बॅरो, नॉन लीग, आणि सोबत टायरच्या कारखान्यात काम.

आता इथून गोष्ट कुठे जाते ते तुम्हाला वाटतं तुम्हाला माहितीये. कारखान्यातला पोरगा, जिद्द, मेहनत, शेवटी प्रीमियर लीग, खाली उगवत्या सूर्याचा फोटो आणि गुड मॉर्निंग. असले मेसेज मला होल्टच्या नावाने आलेले नाहीत, पण रिकी लॅम्बर्ट नावाच्या दुसऱ्या एका फुटबॉलरच्या नावाने आलेत, त्याच्याकडे येतो नंतर. माझा मुद्दा वेगळाय. मेहनत सगळेच करतात हो, गळून गेलेलेही करतात. होल्ट मला आवडतो कारण त्याचं करिअर बघितलं की कळतं, हा माणूस सगळीकडे जवळपास तोच होता, बदलत होते ते त्याला वापरणारे.

बघा ना. 2003 मध्ये शेफील्ड वेन्सडेने त्याला बॅरोकडून उचललं, तिथे फार काही झालं नाही. मग रॉचडेल, म्हणजे लीग टू, नाव टू असलं तरी वरून मोजलं तर चौथी पायरी. तिथे स्टीव्ह पार्किन मॅनेजर होता, होल्टला पुढे, समोरच्या गोलच्या अगदी मधे उभा केला आणि त्याने गोलांचा सपाटा लावला. 2006 च्या जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टने घेतला, दोनदा युरोपियन कप जिंकलेला क्लब पण तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये पडलेला. आणि फॉरेस्टने काय केलं, तर हळूहळू त्याला कडेला खेळवायला सुरुवात केली. विंगवर! असल्या बांध्याच्या माणसाला लाईन पकडून वरखाली पळायला लावायचं. गंमत म्हणजे तो तिथेही इतका राबला की फॅन्सनी 2007 ला त्याला सीझनचा बेस्ट प्लेयर निवडलं, पण गोल आटले, आणि स्ट्रायकरच्या नावापुढे गोल नसले की बाजारात त्याची किंमत पडणार, कारण कुठे खेळवला होता हे आकड्यांत दिसत नाही. वर्षभराने फॉरेस्टने त्याला ब्लॅकपूलला लोनवर, म्हणजे काही काळ उसना, पाठवला आणि 2008 च्या उन्हाळ्यात 1,70,000 पाउंडात श्रूजबरीला विकून टाकला. परत चौथी पायरी. वय 27.

श्रूजबरीत परत मधे. वायकम्बला एका कप मॅचमध्ये 7-0 हरवलं त्यातले पाच गोल याचे. टीम प्लेऑफ फायनलला, म्हणजे वर जायच्या शेवटच्या जागेसाठीच्या मॅचला, वेम्बलीपर्यंत, म्हणजे लंडनच्या राष्ट्रीय स्टेडियमपर्यंत गेली आणि जिलिंगहॅमकडून 1-0 हरली, आणि मग 2009 ला नॉर्विचने 4,00,000 पाउंड मोजून त्याला घेतलं. नॉर्विच नुकतंच तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलेलं, शहर वैतागलेलं. पहिलीच मॅच, घरच्या कॅरो रोडवर, समोर कोलचेस्टर, आणि निकाल 1-7. आपल्याच ग्राउंडवर सात! लोक मैदानात उतरून मॅनेजरच्या दिशेने सीझन तिकिटं भिरकावून आले. होल्टचं पदार्पण हे. आठवड्याभरात मॅनेजर ब्रायन गन गेला आणि नॉर्विचने नवा मॅनेजर कुणाला आणलं, तर ज्याने सात मारले त्यालाच, कोलचेस्टरच्या पॉल लॅम्बर्टला. इतका सरळ हिशोब फुटबॉलमध्ये क्वचितच कुणी करतं.

पॉल लॅम्बर्टने होल्टला फार काही नवीन शिकवलं असं मला वाटत नाही. त्याला कॅप्टन म्हणून पुढे ठेवलं, बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनाच्या जवळ ठेवलं, आणि मागे वेस हुलहान नावाचा बुटका आयरिश डावखुरा, ज्याच्या पायात बॉल गेला की फट दिसायच्या आधीच तिथून पास गेलेला असायचा. होल्टचं काम काय होतं ते बघायचं असेल तर गोलांच्या क्लिप बघू नका, त्याआधीचे दहा सेकंद बघा. लांबून बॉल येतोय, डिफेंडर पाठीला चिकटलाय, होल्ट बॉलकडे न बघता आधी ढुंगण मागे टेकवून त्याला अर्धा पाऊल हटवतो, हात थोडे फाकवतो, रेफ्रीला ढकलणं दिसणार नाही एवढेच, आणि मग बॉल छातीवर घेतो. डिफेंडर पुढून यायला बघतो तर फाऊल, नाही आला तर बॉल हुलहानकडे. उडी फार उंच नाही, स्पीड तर नाहीच, पण डिफेंडर उडायच्या क्षणी त्याला खांदा असा लागायचा की समोरच्याची उडी अर्धीच व्हायची. शाळेत बॅकपॅक घालून बसच्या गर्दीत उभे राहिलो असलो तर ही कला आपल्यालाही थोडीफार येते, फक्त आपल्याला त्याचे पैसे कुणी दिले नाहीत.

पहिल्या सीझनला 30 गोल, लीगमधले 24, टीम चॅम्पियन, वर. दुसऱ्या सीझनला चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, 21, टीम दुसरी, परत वर. त्यात 28 नोव्हेंबर 2010 ची इप्सविचविरुद्धची मॅच. नॉर्विच आणि इप्सविचचं वैर असं आहे की बाकी वर्ष वाया गेलं तरी चालेल पण ही मॅच नाही. 4-1, त्यात होल्टची हॅटट्रिक, समोरच्या टीमच्या बाकावर मॅनेजर म्हणून रॉय कीन, आणि त्याचा तो चेहरा. नॉर्विचमध्ये होल्टला आयुष्यात पुढे काहीच केलं नसतं तरी लोकांनी डोक्यावर घेतलं असतं ते या एका दुपारच्या जोरावर.

मग प्रीमियर लीग, 2011. सगळे म्हणाले आता संपलं, हा तिथे चालणार नाही. ऑगस्टमध्ये स्टॅमफर्ड ब्रिजवर चेल्सीचा गोलकीपर हिलारियो हवेतला बॉल घ्यायला पुढे आला आणि आपल्याच इव्हानोविचवर आदळला, बॉल सुटला, होल्टने गोलकडे नीट वळायचीही वाट बघितली नाही, अंगावरूनच पाय फिरवून बॉल वरून टाकला, रिकाम्या जाळीत. मॅच 3-1 हरले तो भाग वेगळा. ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डला बदली म्हणून येऊन हेडर मारला, 1-1. सीझन संपला तेव्हा लीगमध्ये 15 गोल, आणि इंग्लिश खेळाडूंमध्ये त्याच्या वर एकटा वेन रूनी. नॉर्विच बारावं. आणि नॉर्विचचा सीझनचा बेस्ट प्लेयर सलग तिसऱ्यांदा तोच.

त्या उन्हाळ्यात युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा होती. इंग्लंडचा मॅनेजर रॉय हॉजसनने रूनी, वेलबेक, डिफो आणि अँडी कॅरोल नेले. कॅरोलला लिव्हरपूलने दीड वर्ष आधी 3.5 कोटी पाउंडांना घेतलं होतं आणि त्या सीझनला लीगमध्ये त्याचे गोल होते 4. चार! हां, आता कॅरोलने तिकडे स्वीडनविरुद्ध झकास हेडर मारला, ते नाकारत नाही, पण माझा राग अजून गेलेला नाही. वय 31, क्लब नॉर्विच, मागे टायरचा कारखाना, असा बायोडाटा असला की 15 गोलसुद्धा अपघात वाटतात लोकांना. होल्ट इंग्लंडकडून कधीच खेळला नाही.

पुढचं पटकन सांगतो. पॉल लॅम्बर्ट अ‍ॅस्टन व्हिलाला गेला, ख्रिस ह्यूटन आला, खेळ सावध झाला, होल्टचे गोल आठवर आले. 2013 ला नॉर्विचने त्याला विगनला विकलं आणि रिकी व्हॅन वोल्फस्विंकेल नावाचा डच स्ट्रायकर क्लबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी रक्कम देऊन आणला. दिसायला देखणा, चपळ, सगळं काही. त्याने पहिल्याच मॅचला गोल मारला आणि त्यानंतर सबंध लीग सीझनला एकही नाही, नॉर्विच खाली गेलं. पण मी नुसती एकच बाजू सांगणार नाही, होल्टचंही विगनला काही जमलं नाही. काही महिन्यांत लोनवर अ‍ॅस्टन व्हिला, परत त्याच पॉल लॅम्बर्टकडे, मग हडर्सफील्ड, तिथे गुडघा गेला, मग वुल्व्हज. डच पोरगा वाईट नव्हता आणि विगनचा होल्टही वर्षभरात फुटबॉल विसरला नव्हता. दोघांना जो बॉल हवा तो मिळत नव्हता, आणि होल्टचे पाय तोवर बत्तीस वर्षांचे झालेले. मग परत रॉचडेल, मग स्कॉटलंडमध्ये हिबर्नियन, तिथे 2017 ला डिव्हिजन जिंकून टीम वर, आणि शेवटी परत बॅरो.

आणि मग कुस्ती. खरंच. 2018 मध्ये नॉर्विचच्याच एका रेसलिंग संस्थेच्या रिंगणात उतरला आणि पहिल्याच फटक्यात 40 जणांची रंबल, म्हणजे सगळे एकाच रिंगणात आणि शेवटी उरेल तो जिंकला अशी कुस्ती, जिंकला. मी कोल्हापूरचा, त्यामुळे हे सांगितलं की इथले लोक एकदम सावरून बसतात, त्यांना सांगावं लागतं की बाबांनो ही टीव्हीवरची, ठरवून होणारी, लाल मातीतली नव्हे. तरी एक म्हातारे काका फोटो बघून म्हणाले, अंग आहे की पण.

यावर शेवटचा प्रश्न नेहमी येतो, तो पण उरकतो. मग रिकी लॅम्बर्ट का नाही? (पॉलचा कुणी नाही, आडनाव तेवढं एक.) लिव्हरपूलने पंधराव्या वर्षी सोडलेला, मधे बीटच्या कारखान्यात काम केलेला, साउदॅम्प्टनला पेनल्टी घेतल्या त्या सगळ्या मारलेला, 2013 ला वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून उतरला आणि पहिल्याच टचला हेडरने गोल. गुड मॉर्निंगवाला हाच. भारी माणूस, काहीच तक्रार नाही. पण 2005 मध्ये रॉचडेलच्या स्पॉटलंड मैदानावर पुढे जी जोडी उभी असायची ती याच दोघांची होती, लॅम्बर्ट आणि होल्ट, चौथ्या डिव्हिजनमध्ये, एकाच टीमला. बाकीच्या 91 क्लबांचे स्काऊट तेव्हा कुठल्या मॅचला जात होते ते तुम्हीच मला सांगा.