परसातील तळ्याचा पंप: तुंबा नेमका कुठे होता

गोल्डफिशच्या तळ्यावरील छोट्या धबधब्याची धार पातळ होत चालल्याचे लक्षात आल्यावर पंप उघडण्याआधी मी प्रवाह मोजून घेतला. पंप नवा असताना दहा लिटरची बादली धबधब्याच्या तोंडाशी २४ सेकंदांत भरत असे, म्हणजे ताशी १५०० लिटर पाणी येत होते. आता तीच बादली भरायला ६० सेकंद लागले, म्हणजे प्रवाह ताशी ६०० लिटरवर आला होता. हा आकडा हाती नसेल, तर सफाईने नेमके काय साधले हे नजरेच्या अंदाजावरच सोडावे लागते.

पंपाचा आवाजही पुष्कळ काही सांगतो. पंप गुणगुणतो पण पाणी येत नाही, तेव्हा बहुधा रोटर, म्हणजे पाणी ढकलणारा फिरता भाग, अडकलेला असतो. अजिबात आवाज नसेल तर वीजपुरवठा किंवा कॉइल तपासावी लागते. माझा पंप एकसारख्या आवाजात चालत होता आणि पाणीही येत होते, केवळ कमी. त्यामुळे अडथळा बाहेरच्या जाळीत, रोटरच्या कप्प्यात किंवा पाइपमध्ये असणार, असे गृहीत धरून मी याच क्रमाने पुढे गेलो.

पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढला. स्विच बंद करणे मला पुरेसे वाटत नाही, आणि तळ्याच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पंप बंद असेपर्यंत हवेचा दगड (पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र तुकडा) वेगळ्या एअर पंपावर चालू ठेवला, कारण ऊन तापले की पाण्यात विरघळणारा ऑक्सिजन कमी होतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात.

जाळीभोवती तंतूसारखे शेवाळ आणि कुजलेली पाने घट्ट गुंडाळली गेली होती. ती सोडवली आणि आतला स्पंज तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत पिळून काढला. नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू मरतात, आणि मग पाणी स्वच्छ दिसत असूनही माशांना अमोनियाचा त्रास सुरू होतो. एवढ्या कामानंतर बादली ४५ सेकंदांत भरली.

त्यानंतर पुन्हा प्लग काढून रोटर बाहेर काढला. या पंपांत चुंबकाचा रोटर आणि मोटरची कॉइल यांच्यामध्ये बंद भिंत असते. रोटर पाण्यातच फिरतो आणि त्याच पाण्याने थंड राहतो. म्हणूनच त्याच्याभोवतीच्या अरुंद फटीत क्षार बसले की घर्षण वाढते. चुंबकावर पांढरट थर होता. प्लग काढलेलाच असल्याने रोटर निवांतपणे व्हिनेगरमध्ये भिजत ठेवता आला. बुडबुडे येऊ लागले, त्यावरून तो थर कॅल्शियम कार्बोनेटचा असावा असे दिसले. नंतर मऊ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुतले. सेरॅमिकचा दांडा ठिसूळ असतो, त्यामुळे रोटर तिरका न ओढता सरळ रेषेतच बाहेर काढावा. पंप पुन्हा जोडल्यावर वेळ ३६ सेकंदांवर आला.

ताशी १००० लिटर, म्हणजे मूळ प्रवाहाचा एक तृतीयांश भाग अजूनही कुठेतरी अडत होता. पाइप सोडून पंप नुसता चालवला तर धार जोरदार दिसते, परंतु पाणी वर चढवावे लागत नसल्याने ती तुलना फसवी ठरते. त्याऐवजी तितक्याच व्यासाचा आणि लांबीचा स्वच्छ पाइप त्याच उंचीवर धरून मोजले, तेव्हा बादली २४ सेकंदांतच भरली. पंप निर्दोष होता. राहिलेला अडथळा जुन्या पाइपमध्ये होता. बाहेरून पाइप जराही खराब दिसत नव्हता, पण आतून त्याच्या भिंतीला बुळबुळीत तपकिरी साका सलग चिकटलेला होता. पाइपचा आतला व्यास थोडासा घटला तरी प्रवाह त्याहून कितीतरी जास्त घटतो, हे अशा वेळी हातात धरून पाहता येते. दोरीला कापडाची गुंडाळी बांधून ती पाइपमधून वारंवार ओढली आणि सुटलेला गाळ तळ्यात न जाऊ देता झाडांना घातला.

जुना पाइप जोडल्यावर आता बादली २५ सेकंदांत भरते. पंप तळावरून उचलून दोन विटांवर ठेवला आहे, म्हणजे तळाचा गाळ थेट ओढला जाणार नाही, आणि जाळीबाहेर जाड छिद्रांचा आणखी एक स्पंज बसवला आहे. तो बारीक छिद्रांचा घेतला असता, तर लवकर भरून त्यानेच प्रवाह अडवला असता. पुढील मोजणी मुद्दाम याच स्पंजासह करणार असून वेळ ३० सेकंदांपुढे गेला की आधी तो पिळायचा आणि त्याने फरक पडला नाही, तरच पाइपकडे वळायचे, असे ठरवले आहे.