आमची वाटचाल : अकरा पैठण्या, सात दुकानं आणि आमची चाळण

2012 ला शालिमारजवळ एका झेरॉक्सवाल्याच्या वरच्या खोलीत आम्ही दोघांनी दुकानदारांना ऑनलाइन पेमेंट जोडून द्यायच्या कामाला सुरुवात केली, मी आणि माझा पार्टनर. दोन टेबलं, एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणि त्याचा स्वतःचा लॅपटॉप. नाशिकमध्ये तेव्हा दुकानदाराला पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवर कार्डाचे पैसे घ्यायची सोय, म्हणलं की तो विचारायचा, म्हणजे ते स्वाइप मशीन का. त्याला बसून समजवायचं, एमआयडी, म्हणजे ज्यावर पैसे जमा होतात तो दुकानाचा मर्चंट नंबर, काढून द्यायचा, वेबसाइटला जोडून द्यायचं, आणि सेटलमेंट, म्हणजे जमा झालेले पैसे, टी प्लस टू ला, व्यवहारानंतर दोन कामाच्या दिवसांनी का येते, आजच का नाही, हे दर सोमवारी फोनवर परत सांगायचं. केवायसीला शॉप ॲक्ट, पॅन, कॅन्सल चेक, वेबसाइटवर रिफंड पॉलिसी, सगळं आम्हीच जमवायचो.

पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे येवल्याचे अण्णा. हातमागाच्या पैठण्या, घरात तीन माग. ते एसटीने आले, पिशवीतून एक पैठणी काढली, पदर उलटा करून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, बघा, मोर दोन्हीकडून सारखा दिसतो का नाही. मशीनच्या मालाला मागे धागे लोंबतात, हाताच्या मालाला लोंबत नाहीत. असा माल मला अमेरिकेत विकायचाय, पैसे बुडाले नाही पाहिजेत. मी म्हणलं अण्णा, बुडणार नाहीत. हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

2016 च्या नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि आमच्याकडे रांग लागली. एमआयडी मिळायला बँकेत महिना-महिना जायचा आणि दुकानदाराला तर उद्याच चालू पाहिजे, म्हणून आम्ही सात दुकानांचं पेमेंट आमच्याच एमआयडीवर घ्यायला लागलो, रोज संध्याकाळी हिशोब करून ज्याचे त्याला वळते करायचो. ते चूकच होतं, करारातही बसत नव्हतं, मी कुणाला दोष देत नाही. ते वर्षभर चाललं.

2017 च्या दसऱ्यानंतर अण्णांच्या साइटवर परदेशातून ऑर्डरी आल्या, दिवाळीच्या आत अकरा पैठण्या, सगळ्या मिळून 4 लाख 37 हजार. अण्णा इतके खुश की पेढे घेऊन आले. आपल्याकडच्या कार्डाला ऑनलाइन दुसरी पायरी, म्हणजे ओटीपी किंवा पासवर्ड, 2009 पासून रिझर्व्ह बँकेने सक्तीची केलीय, पण परदेशी कार्डाला ती सक्ती नाही, आणि गिऱ्हाईक त्या पानावरून परत जातं म्हणून आम्ही परदेशी कार्डांना ती पायरी बंदच ठेवली होती. माल गेला, पैसे आले, मी वळते केले, अण्णांनी रेशीम-जरवाल्याची उधारी फेडली.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहिलं चार्जबॅक आलं, म्हणजे कार्डधारकाच्या तक्रारीवरून बँकेने पैसे परत ओढले, मग तिसरं, सातवं, आणि जानेवारी संपेपर्यंत अकराच्या अकरा. सगळी कार्डं चोरीची. त्या रात्री पार्टनर आणि मी लॉग उघडून बसलो तेव्हा कळलं की सगळं समोरच होतं. नऊ वेगवेगळी नावं पण कार्डाचे पहिले सहा आकडे एकच, म्हणजे एकाच बँकेची एकाच प्रकारची कार्डं. प्रत्येक यशस्वी पेमेंटच्या आधी सात-आठ फेल, कुणीतरी नंबर घालून घालून बघत होतं. पत्ता एकाच गोदामाचा, फक्त खोली नंबर वेगळा. मला अण्णांचा तो उलटा धरलेला पदर आठवला, आणि आम्ही तीन महिने फक्त सुलटी बाजू बघत बसलो होतो याची लाज वाटली.

डिलिव्हरीच्या पावत्या जोडून आम्ही सगळी प्रकरणं लढलो, अकराच्या अकरा हरलो. कार्डधारक म्हणतो व्यवहार मी केलाच नाही आणि दुसरी पायरी झालेली नसली की माल पोचल्याची पावती कुणी बघत नाही. गेटवेने आमचा एमआयडी होल्डला टाकला, आणि त्या एमआयडीवर सातही दुकानांचे पैसे. मनुक्यांवाल्याचे, पितळी भांडीवाल्याचे, ज्यांचा पैठणीशी काही संबंध नाही त्यांचे, सगळे सहा महिने अडकले. रोज सकाळी जिन्यात कुणीतरी बसलेलं असायचं. बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या, एफडी मोडली आणि आधी बाकीच्या सहा जणांना खिशातून दिले. पार्टनर फेब्रुवारीत पुण्याला नोकरीला गेला. मी त्याला अडवलं नाही, त्याला लहान मुलगी होती. जाताना त्याने दोन रात्री जागून सही तपासणीचा, म्हणजे पेमेंट झाल्याचा निरोप खरंच गेटवेकडून आलाय का हे ताडायचा, सगळा कोड नीट लिहून ठेवला, तो कोड आजही चालतोय.

आणि याच वेळी शहरातल्याच एका आयटीवाल्याने जे केलं ते मी विसरलेलो नाही. तो सातही दुकानांत फिरला, यांनी तुमचे पैसे खाल्ले म्हणून सांगितलं, आणि ‘आमच्याकडे दोन हजाराच्या आतल्या डेबिट कार्डाला झिरो टक्के’ अशी स्वतःची पत्रकं वाटली. अरे, 1 जानेवारी 2018 पासून दोन हजारापर्यंतच्या डेबिट कार्ड आणि भीम यूपीआयचा एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, सरकारच भरत होतं, ती काय त्याच्या खिशातली सूट होती का? पण चार दुकानं गेली, ज्यांना मी पाटल्या गहाण टाकून पैसे दिले होते त्यातली चार.

वर्षभराने मनुक्यांवाला परत आला. त्याच्या साइटवर कुणीतरी 3,600 चा माल एक रुपयात नेला, तोही तीन वेळा. मी त्या आयटीवाल्याचा कोड बघितला तर रक्कम ब्राउझरमधून घेतलेली, आणि ब्राउझर सक्सेसच्या पानावर परत आला की ऑर्डर पेड. गेटवेची सही सर्व्हरवर तपासलेलीच नाही, वेबहूक, म्हणजे गेटवेकडून सर्व्हरला थेट येणारा निरोप, जोडलेलाच नाही. रक्कम कायम आपल्या डेटाबेसमधून घ्यायची, सही आपल्या सिक्रेट कीने सर्व्हरवर काढून ताडायची, मगच माल पॅक करायचा. पार्टनरने ही तपासणी पहिल्याच वर्षी घातली होती आणि त्याचे आम्ही वेगळे पैसेही घेतले नव्हते.

अण्णा मात्र हलले नाहीत. साड्या माझ्या गेल्या, निम्मं नुकसान माझं, असं म्हणून त्यांनी दर महिन्याला पाच हजार आणून दिले, मी नको म्हणलं तरी टेबलावर ठेवून जायचे.

या सगळ्यातूनच संशयित ऑर्डरी गाळणारी आमची चाळण तयार झाली. आधी नुसती एक्सेल शीट होती, आता सर्व्हरवर चालते. तासाभरात पहिले सहा आकडे सारखे असलेली तीन कार्डं आली, फेलनंतर फेलनंतर पास झालं, कार्डाचा देश एक आणि आयपीचा, म्हणजे इंटरनेट जोडणीचा, दुसरा, एकाच पत्त्यावर वेगवेगळी नावं, की ऑर्डर लाल होते आणि माणूस फोन करून बोलल्याशिवाय माल हलत नाही. परदेशी कार्डाची दुसरी पायरी तेव्हापासून एकदाही बंद केलेली नाही. मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेचे पेमेंट ॲग्रीगेटरचे, म्हणजे दुकानांचे पैसे मधे घेऊन वळते करणाऱ्यांचे, नियम आले त्याच्या आधीच आम्ही प्रत्येक दुकानाला स्वतःचा एमआयडी काढून दिला होता, आणि ऑक्टोबर 2022 ला टोकनायझेशन, म्हणजे दुकानाने कार्ड नंबराऐवजी नुसतं टोकन ठेवायचं, हे आलं तेव्हा आमच्या एकाही दुकानाच्या सर्व्हरवर कार्ड नंबर सेव्ह नव्हता.

दुकानदारांना एक सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बघून माल देऊ नका, खोटी रिसीट दाखवणारी ॲप मिळतात, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये एंट्री बघा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. क्यूआर रोज सकाळी दुकान उघडताना स्वतः स्कॅन करून नाव बघा, रात्रीतून वर दुसरा स्टिकर लावून जातात. जास्त पैसे आलेत, फरक दुसऱ्या नंबरवर पाठवा असं कुणी म्हणलं तर नाही म्हणा, रिफंड ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर, नाहीतर चोरीच्या पैशाच्या साखळीत तुमचंच खातं गोठतं. आणि फसलातच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत.

पाटल्या 2019 च्या ऑगस्टमध्ये सोडवल्या, ती पावती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. अण्णांचं आता वय झालंय, साइट त्यांचा मुलगा बघतो. काल रात्री त्यांच्याच साइटला चाळणीने एक ऑर्डर लाल केली, 52 हजारांची, कार्ड लंडनचं आणि डिलिव्हरी ठाण्याची. सकाळी मुलाने ठाण्याच्या नंबरवर फोन केला, तर लंडनच्या मावशीने भाचीच्या लग्नासाठी घेतलीय. मग अण्णांनीच फोन हातात घेतला, आणि काठ नारळी पाहिजे का मुनिया यावर त्यांचं अर्धा तास बोलणं झालं.