लॅटेक्सची गादी आणि एकोणीस दिवस

"मॅडम, शरीराला नव्या गादीची सवय व्हायला एकवीस दिवस लागतात." हे वाक्य मी फोनवर चार वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं. आमच्या गादीत एक थर चुकीचा आला होता आणि ही माणसं मला त्या चुकीची सवय करून घ्यायला सांगत होती. आता गादी बरोबर आहे, आम्ही दोघं शांत झोपतो, तरी ते वाक्य आठवलं की डोकं तापतं. ह्या फेऱ्यात दुसरं कुणी अडकू नये म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो. बारा वर्षं वापरलेली काथ्याची गादी मधोमध बसली होती आणि सकाळी उठल्यावर ह्यांना कंबर धरूनच चालावं लागायचं. सासूबाईंचं म्हणणं, कापसाची गादी भरून घ्या. पण कापसाची गादी दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावी लागते आणि पिंजारी आता दारावरून जात नाही. शेवटी लॅटेक्सची घ्यायची ठरली. रबराच्या झाडाचा चीक फेसाळेपर्यंत फेटतात, साच्यात ओततात आणि उष्णता देऊन घट्ट करतात, ते लॅटेक्स. आपल्या देशातलं बरंचसं रबर केरळात होतं. नेहमीचा फोम खनिज तेलापासून बनतो, हा झाडापासून, आणि दाबला की लगेच उसळून वर येतो.

बाजारात 'लॅटेक्स गादी' म्हणून जे विकतात त्यात पुष्कळदा वर इंच-दोन इंच लॅटेक्स आणि खाली साधा फोम असतो. म्हणून खोळीची चेन उघडून आतलं दाखवा, असं सरळ म्हणायचं. चेन उघडायला दुकानदार तयार नसेल तर तिथून निघायचं.

घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या पुढे एका दुकानात गेलो. हे आधी सदऱ्याची घडी न मोडता, छताकडे बघत सरळ पडून राहिले. मी म्हटलं, "अहो, घरी झोपता तसं कुशीवर झोपा की." मग ते वळले, गालाखाली हात घेतला, आणि पाच-सात मिनिटांत त्यांचा श्वास संथ झाला. तेव्हा मी त्यांच्या कमरेखाली हात सरकवून पाहिला. हात अगदी सहज आरपार गेला तर गादी फार कडक, शिरलाच नाही तर फार मऊ. माझा हात जरासा अडत गेला. वीस मिनिटं ते झोपले, वीस मिनिटं मी. विक्रेता आजूबाजूला घुटमळत होता, त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. घरून आपली उशी नेली असती तर आणखी बरं झालं असतं.

त्या गादीत दोन-दोन इंचांचे तीन सुटे थर होते. कडेला चिठ्ठी होती : 65, 80, 95. म्हणजे दर घनमीटरला इतके किलो. आकडा जितका मोठा तितका थर कडक. खाली कडक, मध्ये मध्यम, वर मऊ. त्या चिठ्ठीचा मी फोटो काढला. पुढे त्या एका फोटोने मला तारलं.

दुकानात हाच एक संच तयार होता. कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक थर आपल्या पसंतीने निवडता येत होता आणि पुढे एखादाच थर बदलून घ्यायची सोय आहे असं लिहिलं होतं. साडेतीन हजारांचा फरकही पडत होता. पलंगाचं आतलं माप दोनदा घेतलं, दुकानातल्यासारखेच 65, 80, 95 चे थर निवडून 78 बाय 60 इंचांची ऑर्डर दिली, नवव्या दिवशी गादी घरी आली. इथपर्यंत काही त्रास नाही.

तिसऱ्या रात्री, पहाटे साडेपाचला मला जाग आली तर हे शेजारी नव्हते. हॉलमध्ये चटई टाकून जमिनीवर झोपले होते. माझी झोपमोड नको म्हणून न सांगता उठून गेले होते. मला फार वाईट वाटलं. एवढे पैसे घालून माणूस जमिनीवर!

सकाळी चेन उघडली. तिन्ही थरांवर छोटे स्टिकर होते, टॉप, मिडल, बेस. अंगठ्याने दाबून पाहिलं तर टॉप आणि बेस अगदी सारखेच दबत होते. कस्टमर केअरला फोन केला आणि एकवीस दिवसांचं वाक्य पहिल्यांदा ऐकलं. मग तक्रारीचा ऑनलाइन फॉर्म. त्यात तीनच पर्याय : पूर्ण गादी परत करणे, खोळ बदलणे, गादीला खड्डा पडणे. थर चुकीचा आला, हा पर्यायच नाही! खड्डा निवडला तर गादीवर आडवी पट्टी ठेवून खड्ड्याची खोली दिसेल असा फोटो मागतात. नव्या गादीला खड्डा कुठून दाखवू? पूर्ण गादी परत हा पर्याय निवडला तर आधी तीस रात्री झोपणं सक्तीचं. मी खड्ड्याच्या रकान्यात खरी हकीकत लिहिली. तीन दिवसांनी मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली निघाली आहे.' कुणी काय निकाली काढलं? फोनवर विचारलं तर, फोटोत खड्डा दिसत नाही म्हणून सिस्टिमने तक्रार आपोआप बंद केली. दुसऱ्यांदा भरली, दुसऱ्यांदाही तेच झालं. दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, पहिल्यापासून सगळी कथा आणि शेवटी ते वाक्य.

दहाव्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, दाबून बघण्याला कोण विचारतं? वजन करू." हिशोब त्यानेच मांडला. 78 बाय 60 चा दोन इंची थर म्हणजे साधारण 0.153 घनमीटर. 65 चा असेल तर दहा किलो भरेल, 80 चा सव्वाबारा, 95 चा साडेचौदा. मग तो आधी एकटा वजनकाट्यावर उभा राहिला आणि नंतर एकेक थर गुंडाळून, कवेत घेऊन. मी वाकून आकडे वाचले. टॉप दहा, मिडल साडेबारा, बेस पुन्हा दहा. 95 चा थर आमच्याकडे आलाच नव्हता. दोन मऊ थर पाठवले होते आणि त्यातल्या एकावर बेसचा स्टिकर. ह्यांची कंबर त्यातच रुतत होती.

हे फोनवर सांगितलं तर म्हणे, नैसर्गिक मालात वजन थोडं इकडे-तिकडे होतं. साडेचार किलो इकडे-तिकडे?

मग मी फॉर्मचा नाद सोडला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे प्रत्येक ऑनलाइन विक्रेत्याला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावाच लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती सोडवायची. जाहिरातीत सांगितल्यासारखा नसलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही. तो ईमेल पत्ता वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात सापडला. मी रागाचं एकही वाक्य न लिहिता तारखेनिशी सात ओळी लिहिल्या, आणि दुकानातली चिठ्ठी, ऑर्डरची प्रत आणि काट्याचे फोटो जोडले. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार करणार, हेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पोच आली. त्यानंतर दोन दिवसांनी कारखान्यातून एका मुलीचा फोन. तिने एकच प्रश्न विचारला, "खालच्या थराचं वजन किती भरलं?" मी म्हटलं, दहा. ती म्हणाली, "मग तो 65 चाच आहे. चूक आमच्याकडून झालीय, काकू." मी फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं खरं धरलं होतं.

तक्रार केल्यापासून एकोणिसाव्या दिवशी नवा थर आला. डिलिव्हरीवाल्या मुलांसमोरच काटा मांडला. साडेचौदा. तुम्हीही गादी आली त्याच दिवशी, खोळीत भरायच्या आधीच, थर तोलून घ्या.

अजून काही गोष्टी आठवतात. लॅटेक्सची गादी उन्हात टाकायची नाही. सासूबाई ती गॅलरीत न्यायला निघाल्या होत्या, पण उन्हाने लॅटेक्स पिवळं पडतं, ठिसूळ होतं आणि त्याचा भुगा व्हायला लागतो. खोळ काढून पंख्याखाली हवा द्यायची, तेवढं पुरतं. आमचा पलंग प्लायच्या बॉक्सचा आहे. ठाण्याच्या पावसाळ्यात खाली दमट राहून बुरशी धरू नये म्हणून सुताराकडून प्लायला भोकं पाडून घेतली. सुरुवातीचे तीन-चार दिवस रबराचा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवल्या की जातो. नवरा-बायकोपैकी एकाला मऊ आणि एकाला कडक हवं असेल तर थर उभे अर्धे करून मिळतात का ते ऑर्डर देण्याआधी विचारा. आणि डनलॉप पद्धतीच्या, म्हणजे वर सांगितलं तसा फेटलेला चीक सरळ साच्यात ओतून केलेल्या, थरात चिकातला जड अंश साच्याच्या तळाशी बसतो, त्यामुळे एक बाजू किंचित टणक लागते. थर भरताना कुठली बाजू वर घेताय ते बघा.

नवा थर घातला त्या रात्री हे सकाळी साडेसहापर्यंत हलले नाहीत. चटई मी धुऊन माळ्यावर टाकली. आणि कंपनीचे स्टिकर काढून तिन्ही थरांच्या कडेला मार्करने ठळक लिहून ठेवलं : 65, 80, 95, आणि खाली वजन केल्याची तारीख.