बोरीकाठच्या भिंतीवरची आखाजी

वैशाख शुद्ध एकादशीला अमळनेरात सखाराम महाराजांचा रथ निघतो. त्यासाठी पारोळ्याहून निघालो होतो. वाटेतल्या एका गावात पाणी प्यायला थांबलो आणि शाळेच्या भिंतीसमोरून पाय हलेना.

भिंतभर गाव रंगवलंय. विहीर, बैलगाडी, मागे डोंगर आणि उगवता सूर्य, असलं कुठेही खपणारं खेडं नव्हे. या चित्रकाराला महिना ठाऊक आहे. धाब्याच्या घरांमागे पऱ्हाट्यांचे भारे रचलेत, म्हणजे कापूस कधीच निघालाय. शेत नांगरून उघडं पडलंय. खाटेवर कुरडया वाळताहेत. एका दारात पाण्याने भरलेली घागर, तिच्या तोंडावर खरबूज. खानदेशी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. ही पितरांची घागर, आणि हा आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस.

चित्रातली जवळजवळ प्रत्येक बाई कामात आहे. एक चुलीवरच्या पालथ्या खापरावर मांडा टाकतेय, दुसरी आंबे पिळतेय, तिसरी पाण्याला चाललीय. पुरुषांचा पत्त्यांचा डाव रंगलाय. आखाजीला तो आमच्याकडे चालतो. बायकांमध्ये मोकळी फक्त एकच, निंबाला बांधलेल्या झोक्यावरची. मान मागे टाकून हसतेय, पाय थेट आभाळात. ती माहेरी आलेली लेक. चित्रकाराने तिला घरापेक्षाही मोठी काढलीय, आणि ते मला फार पटलं. वर्षातून या दिवसांत तिला कुणी काम सांगत नाही.

उजव्या कडेला एक माणूस पाठमोरा उभा आहे, काखेत गाठोडं. आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल संपतं. जुना हिशोब होतो, नवं साल ठरतं, त्याच मालकाकडे नाहीतर दुसऱ्याकडे. माझ्या मते चित्राचा जीव इथे आहे. वर्षभर दुसऱ्याच्या घरी राबलेली दोन माणसं एकाच चित्रात आहेत. एक घरी आलीय, दुसऱ्याचं अजून काही ठरलेलं नाही.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत होती. तिला विचारलं, “आजी, हा गाव सोडून चालला का?”

“चालना नही भाऊ, उभा शे. मालक काय म्हनस ते आयकी राह्यना.”

पुन्हा पाहिलं. खरंच, पाऊल रस्त्याकडे असलं तरी मान किंचित चित्रातल्या ओट्याकडे वळलेली आहे. तिथे पागोटेवाला मांडीवर वही उघडून बसलाय. इतका वेळ मी त्याला पत्ते खेळणाऱ्यांतलाच समजत होतो.

झोक्यावरची पोर कुणीही चितारेल. पण सणाच्या चित्रात सालदाराची वळलेली मान काढायची, तर ती घरात पाहिलेली असावी लागते. हा चित्रकार सालदाराच्याच घरातला असणार, असं मला ठाम वाटतं.