तुम्ही विचारलंत म्हणून: गावात कोथिंबीर मुंबईपेक्षा महाग कशी?

"काका, दादरपेक्षा तुमच्याकडे जुडी महाग? इथे तर सगळं शेतातलंच ना?"

राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या वाडीत माझं किराणा-भाजीचं दुकान आहे. गणपतीला आलेला प्रत्येक तिसरा चाकरमानी हे विचारतो.

आमच्या शेतात पावसाळ्यात भात असतो. परसात पडवळ, भेंडी, काकडी होते. पण कांदा, बटाटा, टोमॅटो, कोथिंबीर वरून येतं. वर म्हणजे घाटावर, कोल्हापूरच्या मार्केटातून. गाडी रात्री निघते, अणुस्कुरा घाट उतरते आणि शंभरावर किलोमीटर तुडवून पहाटे दारात उभी राहते. ताडपत्री सोडली की मी आधी तळातलं कॅरेट ओढतो. त्यातूनच टोमॅटोचं पाणी गळत असतं. घाटातली वळणं वरच्या कॅरेटला कळत नाहीत, तळातल्याला कळतात. कोथिंबिरीच्या गोणीत हात घातला आणि आत ऊब लागली, तर मधल्या जुड्या काळ्या पडल्या समजायचं. त्या मी फेकतो, आणि त्यांचे पैसे उरलेल्या जुड्यांवर चढतात. चढवायचे नाहीत तर मी खायचं काय?

पण खरी गोम परतीच्या भाड्यात आहे. ड्रायव्हर हिशेब देण्याआधी विचारतो, "जाताना काय भाडं मिळंल काय?" एप्रिल-मेमध्ये मिळतं. आंब्याच्या पेट्या असतात, काजू असतो. मोठ्या ट्रकांना जांभ्याचा चिरा, म्हणजे बांधकामाचा लाल दगड असतो. (मासळीच्या गाड्या वेगळ्या. त्या वासातली मेथी कोण घेणार?) तेव्हा डिझेल दोन्ही मालांत वाटलं जातं. पावसात आंबा संपलेला, चिरेखाणीत पाणी. गाडी रिकामी घाट चढते आणि दोन्ही वेळचं डिझेल तुमच्या जुडीवर बसतं. त्यात दरड आली की आंबा घाटाने नाहीतर गगनबावड्याने फिरून यायचं.

मग समुद्र आहे, रेल्वे आहे, असं कोणीतरी म्हणतंच. राजापूर जुनं बंदर. गलबतं अर्जुना नदीतून आत यायची आणि इथला माल बैलांच्या पाठीवरून अणुस्कुऱ्याने वर जायचा. खाडी गाळाने भरली, बंदर संपलं. रेल्वे 1998 पासून पूर्ण मार्गावर धावते. 1999 पासून तर रायगडातल्या कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रकच वॅगनवर चढवून नेतात. छान दिसतं ते, ट्रकांची वरात. पण ती आमच्यासाठी थांबत नाही. आणि राजापूर रोड स्टेशनात गोणी उतरलीच, तरी तिथून वाडीपर्यंत पुन्हा टेम्पोच.

गेल्या गणपतीत एकाने मला धडा शिकवायचा म्हणून वाशीहून डिकी भरून भाजी आणली. महामार्गावर गाड्यांची रांग लागली आणि त्याला घरी पोचायला सोळा तास लागले. मेथी पिवळी, टोमॅटोवर बॅग. दुसऱ्या दिवशी तो आला आणि मुकाट्याने दोन जुड्या घेऊन गेला. विसर्जनानंतर निघताना मात्र त्याच डिकीत तांदूळ, नारळ, कोकमं आणि तवसं (मोठी काकडी) कोंबलं होतं. झाकण बसेना, म्हणून सुतळी मागायला माझ्याकडेच आला.