काट्यावर न येणारा दाणा

प्लॅस्टिकच्या कारखान्यात पाहणीला गेले की रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, तक्ता मी नंतर बघते. आधी दोनच आकडे मागते: स्टोअरमधून किती किलो दाणा, म्हणजे प्लॅस्टिकचा कच्चा माल, निघाला आणि किती किलो तयार माल बाहेर पडला. फरक असतोच. रनर (साच्यात जायच्या वाटेत गोठलेलं प्लॅस्टिक), फ्लॅश (नगाच्या कडेला आलेला पापुद्रा), मशीन सुरू होताना निघणारे खराब नग, रंग बदलताना निघणारे गोळे हे सगळं काट्यावर ठेवलं की तो बहुतेक भरून निघतो. त्या दिवशी काही केल्या निघेना.

वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून डबे, झाकणं, बादल्या काढणारा इंजेक्शन मोल्डिंगचा मध्यम कारखाना. मालक कामात लक्ष घालणारे होते. रनर मशीनशेजारच्याच ग्राइंडरमध्ये जात होते, तो दळलेला माल, रीग्राइंड, ठरलेल्या प्रमाणात व्हर्जिन, म्हणजे कोऱ्या, दाण्यात मिसळला जात होता. तरीही दर महिन्याला काही गोण्या माल हिशेबातून गायब. "काटा जुना झालाय, मॅडम," मालक म्हणाले. काटा तपासला, तो बरोबर होता.

मग हॉपरखाली, म्हणजे मशीनला दाणा पुरवणाऱ्या नरसाळ्याखाली, झाडू मारणाऱ्या मावशींना विचारलं, "मावशी, हे झाडलेलं कुठे टाकता?"

"माझ्या पाळीत गोणीत भरते, ताई. रात्री मात्र पाणी मारून लोटून देतात. चला, दाखवते."

शेडच्या मागे पावसाच्या पाण्याच्या गटाराचं चेंबर होतं. दोघा हेल्परांनी झाकण उचललं. पाणी दिसतच नव्हतं. वरती दाण्यांचा जाड थर. काही नवे, दुधाळ पांढरे, काही पिवळे पडलेले, काही तेलकट काळे, मध्येच निळ्या मास्टरबॅचचे, म्हणजे रंगाच्या दाण्यांचे, ठिपके. मी हात घातला तर मनगटापर्यंत दाणेच लागले. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि पीई (पॉलिएथिलीन) हे प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे दाणा तरंगतो आणि पाणी जाईल तिकडे जातो. ही लाइन थेट नाल्यात उघडत होती. पावसाच्या पाण्याची लाइन सांडपाण्यापासून वेगळी असते, म्हणजे वाटेत शुद्धीकरण वगैरे काही लागत नाही. जोराचा पाऊस आला की चेंबर आपोआप रिकामं व्हायचं, म्हणून ते कधी तुंबलं नाही आणि कुणाची तक्रारही आली नाही.

एक दाणा जेमतेम वीस-पंचवीस मिलिग्रॅमचा. म्हणजे 25 किलोच्या एका गोणीत दहा लाखांच्या आसपास दाणे. गायब गोण्यांचा हिशेब असा मांडला तेव्हा मालक बराच वेळ चेंबरकडे बघत उभे राहिले.

उरलेला दिवस आम्ही दाण्याच्या मागे उलटे चालत गेलो. गाडी खाली होताना फोर्कलिफ्टचा काटा खालच्या गोणीत घुसत होता. हमालांचे लोखंडी आकडे विणलेल्या गोणीला भोकं पाडत होते. हॉपर लोडरचा सक्शन पाइप एका गोणीतून काढून दुसरीत खुपसला की दर वेळी मूठभर दाणे खाली. रिकाम्या म्हणून गठ्ठ्यात बांधलेल्या गोण्या झटकल्या, तर त्यांच्याही शिवणीत दाणे अडकलेले. जमिनीवर सांडलेला दाणा पायाखाली आला की माणूस घसरतो, म्हणून रात्रपाळी घाईने पाणी मारायची. त्यांच्या दृष्टीने ती सुरक्षितताच होती.

2021 साली कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल हे जहाज जळून बुडालं आणि सुमारे 1,680 टन दाणे समुद्रात गेले. दाण्यांनी भरलेले ते किनारे जगाने पाहिले. पण जपानमधले संशोधक हिदेशिगे ताकादा 2005 पासून देशोदेशीच्या किनाऱ्यांवरून असे दाणे मागवून तपासतात, त्या सगळ्यांमागे जहाज बुडालेलं नसतं. पीसीबी, डीडीटीसारखी पाण्यातली विषं हे दाणे स्वतःवर ओढून घेतात, हे त्याच तपासण्यांतून दिसलं आहे. विकसनशील देशांत प्लॅस्टिकबद्दल बोलणं निघालं की ते पिशवीवर येतं. बांगलादेशने पातळ पिशव्यांवर 2002 मध्येच बंदी आणली, आणि अशी बंदी हवीच. पण वस्तू होण्याआधीच नाल्यात जाणारा माल मला जास्त छळतो. तो कुणाच्याच उपयोगाला आलेला नसतो, आणि तो अडवायला परदेशी यंत्रं लागत नाहीत.

संध्याकाळपर्यंत टूलरूममध्ये पत्रा वाकवून दोन मशीनच्या लोडरखाली ट्रे बसले. पाणी मारणं त्या रात्रीपासून बंद. चेंबरला जाळ्या लावायच्या ठरल्या: आधी मोठ्या भोकांची, पालापाचोळा अडवायला, आणि तिच्यामागे दाण्यापेक्षा बारीक भोकांची, कारण एकच बारीक जाळी लावली तर ती पहिल्या पावसात तुंबते आणि कुणीतरी उपटून फेकतं. झाडलेला माल मशीननुसार वेगळ्या डब्यात ठेवायचा, म्हणजे ग्रेड मिसळत नाहीत आणि चाळून, धुऊन, सुकवून निदान बादलीच्या कडीला तरी वापरता येतो. तो रोज काट्यावर चढवायचं काम मावशींकडे आलं, आणि मालकांनी रजिस्टरमध्ये त्यासाठी नवा रकाना आखून घेतला.

हमालांच्या लोखंडी आकड्यांचा प्रश्न सुटला नाही. हमाल वाहतूकदाराचे, त्यांना वजनावर नाही, गाडीवर पैसे मिळतात, आणि आकड्याशिवाय गाडी लवकर खाली होत नाही. फोर्कलिफ्टने उचलता येणाऱ्या फळ्यांवर, म्हणजे पॅलेटवरच माल पाठवा, असं पत्र पुरवठादाराला त्याच दिवशी गेलं.